मुकेलाबाईचा हिरवा रकाना

लुसाकातल्या एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात मुकेलाबाई नावाचा इसम होता. फोनची घंटा वाजली की त्याला हटकून पाणी प्यावंसं वाटे. गिऱ्हाइकांच्या शिव्या शेजारच्या खुर्चीतली मुटिंटा खाई. हा मात्र दर शुक्रवारी विभागप्रमुख नाचिलिमा मॅडमना तक्रारींचा अहवाल करून देई, आणि तेवढ्या जोरावर आठवडाभर छाती काढून फिरे.

तो अहवाल हाताने करण्यात अख्खा दिवस जाई. मग त्याने ते काम आपोआप करणारी संगणकाची स्क्रिप्ट लिहायला शिकून घेतलं. तक्रारींची फाइल उतरवून घ्यायची, स्क्रिप्टच्या हवाली करायची. ती दुबार नोंदी गाळे, तारखा सरळ करी आणि प्रांतवार एक्सेल शीट काढून देई. सुटलेल्या तक्रारी हिरव्या, पडून राहिलेल्या लाल. त्याच्या हातून झालेलं प्रामाणिक काम एवढंच, आणि तेही फार दिवस टिकलं नाही.

पहिलीच शीट पाहून नाचिलिमा मॅडम कडाडल्या, "हे काय रे, गोवर उठलाय की काय? असलं घेऊन मी साहेबांपुढे जाऊ?"

तारा दुरुस्त करा, असं सांगायची त्याची हिंमत नव्हती. त्याने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: गिऱ्हाइकाने आठवडाभर कंपनीच्या ईमेलला उत्तर दिलं नाही, तर तक्रार सुटली समजावी. पुढच्या शुक्रवारी शीट भाताच्या खाचरासारखी हिरवीगार! मॅडमनी पाठ थोपटली.

"अरे शहाण्या," मुटिंटा म्हणाली, "ज्याचं इंटरनेट बंद आहे, तो उत्तर पाठवणार कशाने?"

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. नियम त्यानेच केला होता.

एका सोमवारी काउंटरपाशी त्याचे सासरे येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याचं लांब पश्चिम प्रांतात, मोंगूला लॉज होतं. दिवसभर बसचे धक्के खाऊन आलेले, काखेत कापडात गुंडाळलेला राउटर. त्यांच्यात सासऱ्यासमोर जावयाने ताठ उभं राहायचं नसतं. मुकेलाबाई सगळ्या ऑफिसदेखत गुडघ्यांवर बसला आणि टाळ्या वाजवून नमस्कार करू लागला.

"जावईबापू, माझी तक्रार सुटली म्हणे. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं."

"हो मामा, म्हणजे... तुमच्याकडून उत्तर आलं नाही ना..."

"उत्तर काय बैलाच्या शिंगाला बांधून पाठवू? उठा आता. गुडघे टेकून तार जोडली जात नाही."

मुटिंटा खो खो हसली. मुकेलाबाईचे कान तापले. त्याने तिथल्या तिथे तंत्रज्ञाला फोन लावला, गयावया केली, आणि दोन दिवसांत लॉजचं इंटरनेट सुरू झालं. म्हणजे काम होण्यासारखं होतं तर!

"आता ती ओळ काढ," मुटिंटा म्हणाली. "त्या भागात आणखी कितीजण असेच बोंबलत असतील."

"काढली तर शुक्रवारी मॅडम मला सोलतील."

"म्हणजे बाकीच्यांचा जावई इथे नाही, एवढाच त्यांचा गुन्हा!"

तो मक्याच्या उकडीचा, न्शिमाचा डबा घेऊन जेवायला गेला. पोटभर जेवलाही.

ओळ राहिली. वैतागलेली गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या कंपनीकडे गेली. गेलेली माणसं तक्रार करत नाहीत, त्यामुळे पश्चिम प्रांताचा रकाना इतका हिरवा झाला की साहेबांनी इतर विभागांना तो नमुना म्हणून दाखवला. मॅडम वरच्या मजल्यावर गेल्या, त्यांच्या खुर्चीत मुकेलाबाई बसला. मुटिंटाने नोकरी सोडली. जाताना तिने त्याचा निरोपसुद्धा घेतला नाही.

नाताळात तो मोंगूला गेला. जावई आला की कोंबडी कापायची, ही तिकडची रीत. सासऱ्यांनी त्याच्यापुढे नुसता भोपळ्याचा पाला ठेवला आणि सहज सांगितलं, "कंपनी बदलली आम्ही."

मुकेलाबाईने मान खाली घालून तो पाला संपवला. मग बोटं चाटत मेहुण्याला म्हणाला, "सध्या सगळा विभाग माझ्याच हाताखाली आहे बरं का!"