ती माती नव्हती

नवऱ्याचं रक्त मी सव्वा वर्ष साबण लावून धुतलं.
मला वाटलं, खाणीची माती.

आज गुरुदासना जाऊन एक वर्ष झालं. ते गेले हे कळलंय मला. ती माती नव्हती, हे अजून खरं वाटत नाही.

आमच्या पाळी गावाच्या बाजूला ज्यांचं घर खाणीजवळ आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.
खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरचा शर्ट, बनियन, टॉवेल, चड्डी, सगळं धुळीने तांबडं. बालदीतलं पाणी तांबडं. डाग बघून इथे कोणी थबकत नाही. घासायचं, पिळायचं, वाळत घालायचं.

ह्यांची पोटाची तक्रार तर लग्नापासूनची.
खाण ते नदीवरची जेटी, जेटी ते खाण. खेप चुकेल म्हणून गाडी थांबवायची नाही, लागली तरी दाबून धरायची. तीन-तीन दिवस शौचाला नाही.

घरात आम्ही सगळेच डॉक्टर.
सासूबाई म्हणायच्या, "रोज साफ झाला नाय तर विष चढता अंगात."
मी म्हणायचे, "सकाळी पोदेराच्या बेकरीतले कडक उंडे पाव चहात बुडवून चार-चार खाता, होणार कसं?"
हे हसायचे आणि चूर्णाची डबी उघडायचे.

मग एक दिवस पोट मोकळं व्हायला लागलं. चार दिवस बंद, एक दिवस पातळ. परत बंद, परत पातळ.
आम्ही खूश! चूर्ण लागू पडलं म्हणून मी मोठी डबी आणली.
शिरा पडो माझ्या अकलेवर.

वजन उतरलं. लईराई देवीच्या जत्रेचं व्रत केलं होतं, म्हणून वाळले असतील म्हटलं.
टॉवेलवरचे डाग वाढले. एकदा मी करवादले, "सीटवर बसता की खाणीत लोळता?"
"लोळतंय गो, लोळतंय," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

मग पाऊस लागला. पावसात खाण बंद. ट्रक दारात ताडपत्रीखाली उभा. पंधरा दिवस ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

मी कपडे भिजवले आणि बालदीतलं पाणी तांबडं झालं.

साबण हातातच राहिला.
माती कुठून आली?

तशीच ओल्या हातांनी आत गेले. "हे काय आहे?"
"मूळव्याध आसा. इंजिनाच्या गरमीन सगळ्या ड्रायव्हरांका होता."
"कधीपासून?"
हे चूर्णाची डबी उघडायला लागले.
"डॉक्टरांना दाखवलं नाही?"
"शरम वाटता गो. काय सांगू जावन? शी होणा नाय म्हणान?"

तिसऱ्या दिवशी ओढतच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी पण तेच विचारलं, रक्त कधीपासून? त्यांना मात्र उत्तर मिळालं.
"गेल्या वर्षीच्या शिमग्यापासून."
मी तिथेच बोटांवर मोजलं. पंधरा महिने. मधल्या पावसात खाण बंद असतानाचे पुसट डागही मी जुनी मुरलेली माती म्हणून घासले. पंधरा महिने मी ते धूत होते, देवा रे!

आतड्याचा कॅन्सर. लिव्हरपर्यंत गेलेला.

मी डॉक्टरांशी भांडायलाच लागले. "अहो, पण पोट साफ होत होतं! पातळ होत होतं!"
ते म्हणाले, "आत अडथळा असला की पातळ तेवढं बाजूने वाट काढतं. त्याला साफ होणं म्हणत नाहीत."
"मग इतक्या वर्षांचं विष साठलं काय? की उंड्यांनी झालं?"
"विष-बिष काही साठत नाही हो. उंड्यांनी पण नाही. पोट साफ होत नाही त्या सगळ्यांना कॅन्सर होतो असंही नाही. पण जुन्या तक्रारीची तऱ्हा बदलली, रक्त दिसलं, वजन उतरलं, की तिला जुनी म्हणून सोडायचं नसतं. तेव्हा यायचं होतं."

तेव्हा यायचं होतं. हे वाक्य मला जेवताना ऐकू येतं.

ह्यांनी गणपतीची चवथ बघितली. दिवाळी नाही बघितली.

सासूबाई आता बाजूला बसून विचारतायत, "असला कोण लिवता गो फेसबुकार?"
मी लिवतंय, आई.
आपल्याकडे कोणाच्या घरात काय शिजलं ते अख्ख्या वाड्याला माहीत असतं, आणि माणसाला रक्त पडतंय ते बायकोला माहीत नसतं. ड्रायव्हरांच्या बायकांनो, आज जेवताना नवऱ्याला तोंडावर विचारा. चिडला तर चिडू दे. मूळव्याधच आहे म्हणाला तर म्हणा, ते डॉक्टर सांगू दे.

गुरुदास, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. माझ्यावर तर जास्तच. रडू येतं, पण आधी राग येतो.

जिथे असाल तिथे सुखात रहा.
आणि तिथे कुठे दुखलंखुपलं तर लाजू नका हो. सांगा कुणाला तरी.