रोहिणीताईंचं मशीन कुठलं?

बातमी रोहिणीताईंच्या भावाने फोनवर दिली. मी मंडईत भाजी घेत होते. "ताई पहाटे गेली," एवढंच तो म्हणाला, आणि जरा थांबून, "तुमचं ते पत्रकांचं चालू आहे ना? विचारायला सांगून ठेवलं होतं तिने." मेथीची जुडी हातात तशीच धरून मी मोबाइलवर आमचं संकेतस्थळ उघडलं. चालू होतं. शोध चालत होता, जुनी पत्रकं एकामागून एक उघडत होती. खरं सांगते, मला संताप आला. बाई गेली, आणि तिने उभं केलेलं काम क्षणभरही अडखळू नये? "चालू आहे," मी म्हणाले. "मग ठीक," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

रोहिणीताई हिंजवडीतल्या एका कंपनीत शेकडो लिनक्स सर्व्हर सांभाळायच्या. शनिवारी मात्र कर्वेनगरमधल्या आमच्या वाचनालयात यायच्या, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत. तिथे आम्ही चळवळीची पत्रकं स्कॅन करून लोकांसाठी ठेवतो: मोर्चांची, संपांची, जयंतीच्या सभांची, वसतिगृहातल्या आंदोलनांची. कित्येक घरांतून एकुलती एक प्रत येते, पिशवीत गुंडाळून, धुण्याच्या साबणाच्या वासासकट. मी अशाच कागदांवर वाढले. बाबा रात्रपाळी करून पत्रकं लिहायचे आणि मी घड्या घालायचे. 'निषेध' हा शब्द मी 'नमस्कार'च्या आधी वाचायला शिकले. बाबांच्या संघटनेत सगळं एका काकांकडे असायचं. कपाटाच्या किल्ल्या, पत्ते, छापखान्याची ओळख, सगळं. ते गेले आणि वर्षभरात त्यांच्या घरमालकाने पत्रकांचे गठ्ठे रद्दीत घातले. आमच्या घरात त्यावर सगळे हळहळायचे आणि म्हणायचे, "काकांसारखा माणूस पुन्हा होणे नाही." मलाही ते वाक्य फार थोर वाटायचं.

ताईंना ते अजिबात थोर वाटलं नाही. "म्हणजे तुमची संघटना नव्हती, तुमचे काका होते," त्या म्हणाल्या. वर चष्मा पुसत, "काय पत्रकबाई, आता माझाही निषेध का?" मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

कंपन्यांनी मोडीत काढलेले तीन कॉम्प्युटर ताईंनी मिळवून आणले होते. नीट समजून घेतलं तर त्यांचं तंत्र साधं होतं. प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये: शोधायचं काम एकात, पत्रकाचं चित्र दाखवायचं दुसऱ्यात. डबा तिन्हींपैकी कुठल्याही मशीनवर चालावा. आणि या सगळ्यांवर देखरेख करणारं एक सॉफ्टवेअर, ज्याला ताई मुकादम म्हणायच्या. कुठले डबे किती चालू हवेत, एवढं त्याला लिहून द्यायचं. एखादा बंद पडला की तो दुसरीकडे नवा उघडतो. "माणसाने मध्ये हात घालायचा नाही. काय हवंय ते लिहायचं, सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं आणि बाजूला व्हायचं." स्कॅन केलेल्या पत्रकांच्या प्रती तिन्ही मशीनवर असायच्या.

महिन्यातून एका शनिवारी, चहा यायच्या आधी, ताई उठायच्या आणि कुणालाही न विचारता एका मशीनची वायर उपटायच्या. पहिल्यांदा आमचा अनिकेत ओरडलाच. "अहो ताई, लोक वाचतायत!" "वाचू दे की. मी कुठे त्यांचे डोळे झाकले?" आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघायचो. पान जरासं रेंगाळायचं... आणि उघडायचं. मग वायर परत लावायची आणि चहा घ्यायचा. मशीनना थोर व्यक्तींची नावं द्यावीत असं मी एकदा सुचवलं. "नाव दिलं की माया लागते," त्या म्हणाल्या, "आणि माया लागली की बंद करवत नाही. मग ते मशीन आजारी पडलं तरी सगळे त्याच्या उशाशी बसणार." त्या खरोखरच आजारी आहेत, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं, निदान सांगितलं, आणि आमच्यादेखत आपला प्रवेश स्वतःच काढून टाकला. पासवर्ड, किल्ल्या, सगळं. "आता मला आत घेऊ नका. मागितलं तरी देऊ नका." मला ते क्रूर वाटलं. त्यांचा उपचार सुरू असतानाच एका दुपारी शोध बंद पडला. आम्ही मोठमोठी पत्रकं चढवली होती. शोधाच्या डब्याला दिलेली मेमरी पुरेना, तो मरत होता, मुकादम पुन्हा उघडत होता, पुन्हा मरत होता. अनिकेतने चालू डब्यात शिरून एक सेटिंग बदललं. सुरू झालं! आम्ही टाळ्या दिल्या. चहा पिऊन आलो तर डबा पुन्हा नव्याने उघडलेला, आणि अनिकेतची दुरुस्ती गायब. लिहून ठेवलेल्यात ती नव्हतीच, मग मुकादम आणणार कुठून? मी ताईंना फोन लावला. आवाज खोल गेला होता. मी सगळं सांगितलं.

"मी फोन उचलला नसता तर काय केलं असतंस?"

"...लिहिलेलं सगळं काढून वाचलं असतं. पहिल्यापासून."

"मग ते कर." फोन बंद.

मी खोलीत शिव्या घातल्या, चक्क शिव्या. मग आम्ही वाचलं. त्यांनी सगळं साध्या मराठीत टिपा घालून लिहिलेलं होतं. मेमरीचा आकडा तिथेच, सगळ्यांच्या समोर होता. आम्ही तो वाढवला आणि शोध सुरू झाला, तो आजतागायत सुरू आहे. त्या दिवशी ताईंनी उत्तर दिलं असतं, तर हे काम त्यांच्याबरोबर संपलं असतं. काकांच्या गठ्ठ्यांसारखं.

शोकसभेला खोली भरली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सुचवलं, ताईंचं मशीन कायम चालू ठेवावं, त्यावर फोटो लावावा. माना डोलल्या. ताईंच्या आई पुढे बसल्या होत्या, पांढरी साडी, हातात पिशवी. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिचं मशीन कुठलं गं?"

"आई, त्यांचं असं कुठलंच नाही. त्यांनी ठेवलंच नाही."

"कुठलंच नाही?"

"नाही."

त्यांनी तिन्ही मशीनकडे एकेक करून पाहिलं. मला वाटलं, मी या बाईचं शेवटचं काहीतरी हिरावून घेतलं. पण खोटं बोलणं मला जमलं नसतं आणि ते ताईंना शोभलंही नसतं. मग मी त्यांना वायरीचं सांगितलं. त्या उठल्या. ज्येष्ठ कार्यकर्ते "अहो, जपून" म्हणेपर्यंत त्यांनी मधल्या मशीनची वायर ओढलीसुद्धा. पंखा थांबला. पडद्यावर एका गिरणी संपाचं पत्रक होतं. मी पुढचं पान मागितलं. पान रेंगाळलं... आणि आलं.

आईंनी वायर हातात तशीच धरली होती. "ही परत लावायची ना?"

"हो. थोड्या वेळाने."

"मग मी थांबते."

फोटोचा विषय पुन्हा निघाला नाही. आई आता शनिवारी येतात, पत्रकांच्या कडा ओल्या फडक्याने नव्हे तर कोरड्या ब्रशने साफ करायच्या, हे नव्या मुलींना दरडावून शिकवतात. आणि महिन्यातून एकदा, चहाच्या आधी, उठतात. कुठली वायर काढणार, ते कुणालाही सांगत नाहीत.