आमच्या पेठेचं पहिलं तोरण

हल्ली आमच्या पेठेत निवडणूक आली की उमेदवार मंडळी दारोदार फिरतात. परवा एक जण आला, ओट्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "आजी, या पेठेले वळख देल्ली ते आमच्या घराण्यानं." त्याचं घराणं इथं राहायला आलं तेव्हा माझे केस पिकायला लागले होते!  मी त्याच्या हातावर पान ठेवलं आणि वाटेला लावलं. पण डोकं तापलं ते तापलंच, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायला मी फार उशिरा शिकले, नातवंडांच्या पाटीवर. तेव्हा अक्षराला हसू नये.

ही गोष्ट कापसाच्या तेजीच्या दिवसांतली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचे दिवस आले. ज्याच्याकडे बंडी आणि बैलजोडी होती त्याला हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसे. आम्ही मूळचे वलगावचे, शेतीवाडीचे. आमचे हे चार भावांत धाकटे आणि मी चार जावांत शेवटची. शेवटची म्हणजे चुलीपाशी सगळ्यांच्या आधी आणि ताटावर सगळ्यांच्या नंतर. त्यामुळे ह्यांनी जोडी घेऊन अमरावतीला कापूस वाहायला जायचं काढलं, तेव्हा मी पदर खोचून तयारच होते.

अमरावतीच्या परकोटाच्या आत जागा मिळणं आमच्यासारख्यांना शक्यच नव्हतं. परकोटाबाहेर गायरान होतं, तिथे बंडीवाल्यांनी घरं बांधली होती. ह्यांनीही मातीच्या दोन खोल्या उभ्या केल्या. भिंती मी लिंपल्या. त्या घरात भाकरी केव्हा टाकायची, भाजी कशाची करायची आणि जेवून झाल्यावर किती वेळ भिंतीला टेकून बसायचं, हे सगळं मी ठरवत असे. ज्यानं हे सुख जन्मभर भोगलं आहे त्याला ते सांगून कळायचं नाही.

आमच्या शेजारी एक पिंजारी राहत. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू आणि त्यांच्या बायकोला भाभी. भाभीचं माहेर पातूरचं, जीभ तिखट, हात सढळ. त्या गायरानात पहिलं छप्पर चाचांनी घातलं होतं. मागाहून बंडीवाले आले, हाताच्या रेच्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या बायका आल्या, दोन-तीन मोमीन विणकर आले आणि बघता बघता पेठ झाली. नाव नव्हतं, पण पेठ होती.

गायरान शेजारच्या गावाचं. चार झोपड्या होत्या तोवर तिथल्या पाटलांनी लक्ष दिलं नाही. पण कापसाचा बाजार परकोटाबाहेर सरकायला लागला, व्यापाऱ्यांना गोदामांसाठी जागा हवी झाली, आणि पाटलांना एकाएकी आपल्या गावच्या गुरांची आठवण आली. गायरान मोकळं करा, असा निरोप आला. आम्ही परकोटाच्या आत शहराच्या पंचांकडे गेलो, तर तिथले शेटजी म्हणाले, वेशीबाहेरचं आमचं नाही. म्हणजे शहर आम्हाला घेईना आणि गाव आम्हाला ठेवेना. गावात मोडलो तर दसऱ्याच्या आत घरं पडणार, हे उघड होतं. बाकीचे कुठे गेले असते मला ठाऊक नाही. मी मात्र वलगावला गेले असते, पुन्हा चार जावांत शेवटची.

शेवटी हा तंटा तहसीलदारांकडे गेला. ते पुण्याकडचे होते, पण माणूस पक्का. दोन्हीकडचं ऐकून त्यांनी सांगितलं की कागद आणि साक्षीदार कुणीही आणतो, त्यावर माझा विश्वास नाही. पोळ्याच्या दिवशी मी स्वतः येतो. पेठेचे बैल कुणाच्या तोरणाखाली उभे राहतात ते बघतो. ज्याचं तोरण त्याची पेठ.

हे ऐकून आमच्या माणसांची तोंडं उतरली. कारण दरवर्षी आमचे बैल पाटलांच्याच तोरणाखाली जात. पोळा गावाचा असतो. आधी पाटलांची जोडी, मग मानकऱ्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी, चिखल पार तुडवून झाल्यावर, आम्ही पेठेवाले. तिकडे गेलो तर घर गेलं. न जावं तर वर्षभर राबलेल्या बैलांना तोरण नाही, असं कधी कुणी केलेलं नाही. तेव्हा एकच वाट उरली, आपलं तोरण आपण बांधायचं. यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. ते टिकलं पुढचा प्रश्न निघेपर्यंत.

पुढचा प्रश्न असा की, पहिला बैल कुणाचा?

पावसाळ्यात वाटा बंद, बंड्या उभ्या, माणसं रिकामी. भांडायला यापेक्षा बरा हंगाम नाही. आमच्या अंगणात बैठक बसली. एक जण होता, पेठेत सगळ्यात जास्त बैलांचा धनी. तो म्हणाला, "मान माह्या जोडीचा. इतके बैल हायेत कोणाकडं?" दुसरा उसळला, "बैल मोजून मान भेटते काय? खामगावले सगळ्याइच्या आंधी बंडी कोणाची जाते, ते इचार." तिसऱ्याचं म्हणणं, त्याच्या बैलाची शिंगं सगळ्यांत देखणी. शिंगांवरून तासभर वाद चालला. पोळा तोंडावर आलेला, घरं जायची वेळ, आणि हे बाप्ये शिंगांची मापं काढत बसलेले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेनं बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण मी दारातून बोललेच, "जो इथं पयले आला, त्याचा बैल पुढं. चाचा सगळ्याइच्या आंधी आले."

 आमचे हे माझ्याकडे बघेनात, जमिनीकडे बघत राहिले. मग खामगाववाला म्हणाला, "बरोबर हाय." शिंगंवाल्यानंही मान डोलावली. मला तेव्हाच कळलं की यांतल्या कुणालाही दुसरा पुढे गेलेला खपणार नव्हता, पण चाचांशी कुणाची चढाओढच नव्हती. फक्त तो बैलांचा धनी पागोटं सावरत उठला आणि निघून गेला.

चाचांकडे एकच बैल होता, म्हातारा, पाठीवरून कापूस वाहणारा. पण अडचण बैलाची नव्हती. चाचा साफ नाही म्हणाले. "नाई बेटी. आज मान माहा, पण पाटील जितला तं उद्या पयला मार बी माहाच." यात खोटं काय होतं? पेठ हरली असती तर पुढारी म्हणून पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं असतं.  भाभी कणीक मळत होती. ती वर न बघता म्हणाली, "घर तं सगळ्याइचंच जाईन. मंग मांगं उभं राहून तुमचं काय वाचणार हाय?"  चाचा दाढी खाजवत उठले आणि बैल धुवायला नाल्यावर घेऊन गेले.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पेठेत गडबड. दोन बल्ल्या रोवल्या, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. भाभीनं तिच्या निकाहाची ओढणी काढून बैलाच्या पाठीवर झूल म्हणून घातली. शिंगांना बेगड मी लावली. बैल इतका गरीब की मधेच डुलकी घेत होता.

जोड्या रांगेला लागल्या आणि तेवढ्यात तो बैलांचा धनी आपली सगळी जनावरं सजवून गल्लीतून निघाला. आमच्या तोरणाकडे त्यानं बघितलंही नाही. नाला ओलांडून तो सरळ पाटलांच्या पोळ्याकडे चालू लागला. "काहून रे, तिकडं काहून जाऊन राहिला?" हे ओरडले. त्यानं मान वळवली नाही.  पेठेतला सगळ्यात मोठा बंडीवाला पाटलांच्या तोरणाखाली दिसला की तहसीलदारांना आणखी काय बघायचं राहिलं असतं? ते तर आधी तिकडेच जाणार होते. भाभीनं माझा हात धरला, तो इतका घट्ट की बांगडी रुतली. शिव्या मात्र ती अगदी हळू आवाजात देत होती.

पुष्कळ वेळ गेला. रांगेतले बैल कंटाळले, माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघेनात. आणि मग नाल्याच्या त्या काठावर झुली दिसल्या. तोच परत येत होता, सगळे बैल घेऊन, तोंड लालबुंद. आणि त्याच्या मागोमाग घोड्यावर तहसीलदार!

झालं होतं ते असं. तो मोठ्या तोऱ्यात पाटलांच्या पोळ्यात गेला. त्याला वाटलं, आपण फुटून आलो, आता आपल्याला पुढे बोलावतील. पाटलांच्या माणसानं त्याला नेहमीच्या चिखलाकडे बोट दाखवलं, पेठेवाल्यानं शेवटी उभं राहायचं. त्यानं आपल्या जोड्यांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि आल्या पावली फिरला. नाल्यापाशी तहसीलदारांनी त्याला गाठून विचारलं, हे बैल कुठे निघाले? तो म्हणाला, "आमच्या पोळ्यात. तिकडं काय काम हाय मले?" हे सगळं त्याच्या बायकोनं आम्हाला नंतर सांगितलं. तो स्वतः मरेपर्यंत एवढंच म्हणायचा की वाट चुकलो होतो.

तो आमच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायला लागला. चाचांनी लांबून हाक मारली, "या भाऊ, इकडं या. जागा हाय." रांग सरकली आणि तो चाचांच्या मागे उभा राहिला. कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या पेठेतल्या राजकारणात एवढा शहाणपणा मी पुन्हा पाहिला नाही.

तहसीलदारांनी घोड्यावरूनच रांग न्याहाळली. पहिल्या बैलापाशी थबकले. "याची जोडी कुठे आहे?" चाचा म्हणाले, "मांगं हाय हुजूर, सगळी." तहसीलदार हसले की नाही ते मिशांमुळे कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात मुख्य कोण?" सगळ्या बंडीवाल्यांनी एकदम चाचांकडे हात केला. चाचा मागे वळून बघायला लागले की हे हात कुणाकडे आहेत!

तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल धावले. म्हातारा बैल मात्र चालतच गेला आणि बाकीचे त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आणि एक दिवस सकाळी ढोल ऐकू आला. परकोटाच्या आतला दवंडीवाला कधी वेशीबाहेर येत नसे, तो आमच्या गल्लीत उभा होता. पेठ शहरात धरली आहे, इथली घरं कुणी हलवू नयेत आणि शहराच्या पंचांत या पेठेचाही एक माणूस बसेल, असं तो ओरडून सांगत होता. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग आत जाऊन चुलीपाशी बसले आणि पोटभर रडले. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, तसं खरोखर उतरलं. भाभी मला समजवायला आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. चाचा पंचांत बसायला लागले. त्यांच्यानंतर कोण बसलं, कुणी कुणाला पाडलं, ते पेठेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त सुरुवात सांगते आहे.

दोन दिवसांनी दुपारी दारात बंडी थांबली. वलगावहून मामाजी आले होते, माझे सासरे. पेठ उठणार असं त्यांच्या कानावर गेलेलं, दवंडीचं गेलं नव्हतं. बंडी रिकामी. "सूनबाई, सामान काढ," ते म्हणाले, "न्याले आलो."

याआधी ते बाजाराला आले की बंडी अशीच दारात उभी करत, जुंपलेली. गायरानातल्या घराचा काय भरवसा म्हणत, उभ्या उभ्या लेकाची चौकशी करत आणि निघून जात. घोटभर पाणीही त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

मी डोक्यावरचा पदर नीट केला. "मामाजी, बंडी रिकामीच न्या. घर राह्यलं आमचं."

"कोण म्हणते?"

"सरकारची दवंडी झाली."

ते बंडीवर तसेच बसून राहिले. भिंतींकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता रागावतील. "पाणी आण," ते म्हणाले. मी तांब्या दिला, तो त्यांनी रिकामा केला. मग खाली उतरले आणि बैल सोडले.