काकू तरंगल्या

फोन वाजला की काकू आधी छातीवर हात ठेवायच्या आणि मगच उचलायच्या. "आता काय बिघडलं?" हेच त्यांचं 'हॅलो'. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील.

नागावात आमच्या वाडीला लागून त्यांच्या चार खोल्या, समुद्रावर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला बांधलेल्या. काका गेल्यापासून सगळं एकट्या बघत. कुणाला गरम पाणी हवं, कुणाला सुरमई अजून कुरकुरीत हवी. जाता जाता कुणी मोबाइलवर पाचपैकी एकच तारा दिला, की काकूंची झोप उडायची. मे महिन्यात भर स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, ताण कमी करा, नाहीतर हे बंद करा. मुलीने त्यांना पनवेलला आपल्या घरी न्यायचं ठरवलं.

"तिथं काय करू? भिंती बघू?" काकू मला म्हणाल्या. आणि लगेच, "तू रोज तळ्यात पोहतेस ना? मला शिकव. पाण्यात फोन नेता येत न्हाय."

कमरेला ओढणी बांधून त्या माझ्यासोबत वाडीमागच्या तळ्यात उतरू लागल्या. उताणं तरंगायला शिकवताना पाठीखाली माझा तळहात असे. अंग काठीसारखं ताठ. "सोडू नको हां," असं सारखं चालू. मध्येच, "टाकी भरली असंल का गं?"

एका सकाळी त्या गप्प झाल्या. डोळे मिटलेले, मान सैल. मी हळूच हात काढून घेतला. काकू तरंगतच राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सोडू नको हां."

"कधीच सोडलंय," मी दोन्ही हात वर करून दाखवले. काकू इतक्या हसल्या की नाकातोंडात पाणी गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत चारही खोल्या भरलेल्या असताना पंप जळला. एक पाहुणे अंगणात उभे राहून ओरडू लागले. मी धावत गेले. वाटलं, आता काकू पडतात. त्यांनी त्या गृहस्थांना पुरतं बोलू दिलं.

"झालं तुमचं? मेकॅनिक दुपारी येईल. तोवर विहिरीचं पाणी काढून देते. आधी चहा घ्या."

आवाज जराही कापला नाही. चहा पिऊन ते गृहस्थ स्वतःच बादली घेऊन विहिरीवर गेले. दिवाळीला आलेली मुलगी तेव्हा तिथेच होती. पनवेलचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

लग्नानंतर मी अलिबागला गेले. परवा माहेरी आले, तर काकूंकडे दोन नव्या खोल्यांचं बांधकाम चाललेलं. गवंडी त्यांना शोधत होता. घरात नव्हत्या, वाडीत नव्हत्या. मी तळ्याकडे वळले. मी त्यांना कधीच नेलं नव्हतं अशा खोल पाण्यात काकू होत्या, आणि सावकाश हात मारत एकट्या पलीकडच्या काठाकडे चालल्या होत्या.