मीटिंगमध्ये धरलेला ट्राउट

नोकरी गेली हे मी बायकोला सांगितलं नाही. सोमवारी सांगीन, मग शुक्रवारी सांगीन, असं करत चार आठवडे गेले. रोज सकाळी ती डबा भरून द्यायची, मी लॅपटॉपची बॅग उचलून लीड्समधल्या घरातून निघायचो आणि गाडी ऑफिसऐवजी नदीकडे न्यायचो. माझा रविवारच्या मासेमारीचा नाद तिला ठाऊक होता, त्यामुळे गाडीत मागे पडलेल्या काठीचा आणि जाळ्याचा तिला संशय येत नसे. व्हिसा त्या नोकरीवरच होता. साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर मी, बायको आणि मुलगी, तिघांनी चंबूगबाळं आवरून पुण्याला परतायचं. नदीकाठी गाडीत बसून मी आधी अर्ज करायचो. उत्तरं येत नसत, आली तर नकाराची. मग पाण्यात उतरायचो.

गार पाण्यात ट्राउट मासा वर येत नाही, तळाशी दगडांआड बसून राहतो. त्याच्यापर्यंत पोचायला निम्फ लागते. निम्फ म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी, गळावर दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, डोक्याशी टंगस्टनचा मणी. लोक रंग बघून घेतात. मी सॉफ्टवेअर टेस्टर, सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला. मी ती किती लवकर बुडते ते बघायचो. केसाळ, गुबगुबीत माशी मणी असूनही मध्येच रेंगाळते. बारीक अंगाची, वार्निश लावलेली सरळ खाली जाते. मणी फार जड झाला की मात्र दगडात अडकून तुटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या कामातला नियम. आधी मणी, मग जाडी, रंग सगळ्यात शेवटी. त्या महिन्यात एवढं एकच काम मी मन लावून केलं, याची मला आजही लाज वाटते.

त्या गुरुवारी साडेतीन मिलीमीटरचा मणी होता, माशी काळी, काडीसारखी. दुसऱ्याच फेकीला दोरी वाहता वाहता क्षणभर थांबली, म्हणजे खाली माशाने तोंड लावलं होतं. मी काठी उचलली आणि ओढत ओढत त्याला जाळ्यात घेतलं. एवढा मोठा ट्राउट मी तिथे कधी पाहिला नव्हता. त्या नदीवर मासा घरी न्यायचा नसतो, आणि सोडेपर्यंत जाळं पाण्यातच धरायचं असतं. तेवढ्यात फोन वाजला. बायको ऑफिसच्या वेळात कधीच फोन करत नाही. फोन घ्यायला मी जाळं माशासकट काठावरच्या गोट्यांवर ठेवलं.

"अरे, बिझी आहेस का?"

"मीटिंगमध्ये आहे. बोल."

"वेटिंग लिस्टमधून शाळेत प्लेस मिळाली! आपली फर्स्ट चॉइस! आत्ता कौन्सिलचा ईमेल आला."

ईस्टरची सुट्टी होती, मुलगी घरीच होती. "बाबा, आय गॉट इन!" ती मागून किंचाळली. सप्टेंबरपासूनची शाळा. सप्टेंबरमध्ये आम्ही कुठे असणार होतो?

"पाण्याचा आवाज कसला रे?" बायकोने विचारलं.

"पाऊस पडतोय. खिडकी उघडी आहे."

"इथे तर छान ऊन आहे," ती हसत म्हणाली. "मग ॲक्सेप्ट करू ना?"

सांगून टाकायची ती वेळ होती. मी म्हणालो, "कर."

वळून पाहिलं तर माशाचे कल्ले हलत नव्हते. मी त्याला दोन्ही हातांनी धरून, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात उभा राहिलो. बोटं बधिर झाली. सैल सोडला की तो आडवा व्हायचा आणि पांढरं पोट वर यायचं. तीनदा धरला. चौथ्यांदा तसाच उलटा हातातून निसटून वाहत गेला आणि मी हमसून हमसून रडलो.

थोड्या वेळाने बायकोचा मेसेज आला: "ॲक्सेप्ट केलं! आज लवकर निघ ना, युनिफॉर्म बघायला जाऊ."

लवकर निघायला मला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. "बॉसला विचारतो," असं लिहून मी पाच वाजेपर्यंत तिथेच दगडावर बसून राहिलो.