आत्याची कोळसा खाणारी सवत

आमच्या येडगावच्या आत्याला एक सवत होती. काळी, दांडगी, कोळसा खाणारी आणि दौंडला राहणारी. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचं काम. आत्या मात्र लग्न झाल्यापासून येडगावच्या शेतात. ती इंजिनाला इंजिन म्हणतच नसे. ‘ह्यांची ती’ म्हणायची. आत्या यंदा गेली, म्हणून हे बिनधास्त लिहितोय.

आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. ती येणार, असं मात्र मी जन्मल्यापासून ऐकतोय. त्यामुळे आत्याने सवत उभ्या जन्मात पाहिली नव्हती, पण राग दांडगा. मामा पंधरवड्यातून एकदा यायचे, जेवायचे आणि अंगणातल्या बाजेवर जे आडवे व्हायचे ते परतीच्या एसटीलाच उठायचे. “समदा जीव तिकडं. हितं निस्तं घोरायला येत्यात,” असं आत्या शेजारणींना ऐकवायची. मामांनी कधी उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. बायकोपेक्षा भट्टी बरी, असं त्यांचं मत असावं.

मामा गेले, राग राहिला. “येकदा गाठ पडू दे तिची, दोन शबुद सुनावल्याबिगर मी मरायची न्हाई,” हे ती मला दर दिवाळीला बजावायची. गेल्या वर्षी आम्ही एका लग्नाला लांबच्या शहरात गेलो, तिथे रेल्वेचं संग्रहालय निघालं. मी म्हटलं, “चल, सवत दाखवतो.” आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि पिशवीत खण-नारळ घेतला.

“भांडायला निघालीस की ओटी भरायला?”

“पैल्यांदाच भेटायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं रं? भांडाया मागनं येळ हाय.”

इंजिन रंगवून चकचकीत ठेवलेलं. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “लई ठसक्यात ठेवलीय की,” ती म्हणाली. तिने नारळ काढताच पहारेकरी धावत आला. “आजी, इथे नारळ फोडायचा नाही.”

“फोडतंय कोन? वटी भरायचीय.”

मामा गेल्यापासून गावात तिला कुणी ओटी भरू दिली नव्हती. इथे तिला ओळखणारं कोण होतं? पहारेकरी भला माणूस. तो दुसरीकडे बघू लागला. आत्याने पायरीवर खण-नारळ ठेवला, हात जोडले आणि माझा आधार घेत वर चढली. आत सगळीकडे नजर फिरवून तिने विचारलं, “ह्यांची बसायची जागा कुठली?”

“फायरमनला कसलं बसणं, आजी,” पहारेकरी खालून म्हणाला. “गाडी चालू आहे तोवर उभ्याने कोळसा टाकायचा. समोर आग, पाठीला वारा.”

तिथे एक फावडं ठेवलं होतं. आत्याने ते उचलून पाहिलं. शेतात जन्म काढलेली बाई, पण ते रिकामंच तिला जेमतेम उचलवलं. तिने ते जागेवर ठेवलं आणि खाली उतरली. सुनावायचे दोन शब्द राहूनच गेले.

परतीच्या वाटेवर गावाजवळचं नारायणगाव आलं तरी ती मांडीवरच्या रिकाम्या पिशवीच्या घड्याच घालत होती. मी काय झालं म्हणून विचारलं.

“बाजंवर ह्यांचा डोळा लागला की मी मुद्दाम भांडी आपटायची,” ती म्हणाली. “येकदाबी म्हनाले न्हाईत, झोपू दे म्हनून.”