पुढे तोंड करून विचार

जपानातल्या कोबेत आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे सामने होणार, ही बातमी जगात सगळ्यांत आधी मी दिली. ती खोटी होती, एवढाच काय तो दोष!

मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, कोबेत नऊ वर्षं. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की त्यात मधेमधे जाहिराती लागत नाहीत. पण सासुरवाडी पडली कोल्हापूरची, जिथे पेठापेठांत फुटबॉलचे संघ! मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पगार विचारलाच नाही. विचारलं, "जागा कुठली तुमची?" मी म्हणालो, "खिडकीजवळची." (ते मैदानातली विचारत होते; मला वाटलं, ऑफिसातली.) त्या दिवसापासून अण्णांनी मला माणसांत धरलं नाही.

अण्णा आता चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. इच्छा एकच राहिलेली: देशादेशांतला एक सामना मैदानात बसून बघायचा. टीव्हीवर नाही, मैदानात!

कोबेत आमच्या भागात फुटबॉलवेड्यांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष मोरिता-सान, निवृत्त न्हावी. त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सामने आमच्याच शहरात व्हावेत म्हणून मंडळ पालिकेत अर्ज द्यायला निघालं, आणि मलाही बरोबर घेतलं. (फोटोत एक परदेशी असला की अर्जाला वजन येतं म्हणे.) अधिकाऱ्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, दातांतून "स्स्स" करून हवा ओढली आणि म्हणाला, "माएमुकी नी केन्तो शिमास."

मला तर नाचावंसं वाटलं! जपानीच्या तीन परीक्षा दिलेला माणूस मी. 'माएमुकी' म्हणजे पुढे तोंड करून, 'केन्तो' म्हणजे विचार. पुढे तोंड करून विचार करतोय, म्हणजे माणूस कामाला निघालाच की! मंडळाचे चेहरे पडले होते, पण तो मला जपानी विनय वाटला.

घरी येऊन तडक कोल्हापूरला फोन लावला. "अण्णा, सामने आमच्याकडे! झालंच समजा! तिकीट काढतोय तुमचं!"

पलीकडे अण्णांनी टीव्ही बंद केला. मग हळूच, "खरं सांगताय काय, जावईबापू?"

जावईबापू! लग्नाला अकरा वर्षं झाली, तेव्हा कुठे हा शब्द कानावर पडला. संध्याकाळपर्यंत अण्णांच्या पेठेच्या तालमीपुढे फ्लेक्स लागला: 'जपानात फुटबॉल आणणारे आमचे जावई'. खाली माझा लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला फोटो.

बायको शलाका इथल्याच एका जपानी कंपनीत नोकरी करते. तिने शांतपणे विचारलं, "तो अधिकारी नक्की काय म्हणाला? शब्द सांग."

मी सांगितले. तिने कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, याचा अर्थ 'नाही' होतो!"

"मग 'नाही' म्हणायला त्याचं तोंड दुखत होतं?"

"इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत! एवढ्या वर्षांत तू शिकलास काय?"

"मग आता अण्णांना तू सांग ना."

"का? फ्लेक्सवर फोटो कुणाचाय?"

मी सांगितलं नाही. खरं कारण सांगतो: जावईबापू म्हणवून घ्यायला फार गोड वाटत होतं! आज सांगू, उद्या सांगू करता करता अण्णा विमानात बसलेसुद्धा.

आले ते हलगी, पेठेचा झेंडा आणि चार किलो चटणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी फर्मान सुटलं, "त्या साहेबाला भेटायचं. उपकार मानाय पाहिजेत." मी सर्दीपासून भूकंपापर्यंत सगळी कारणं दिली. पण नेमकं मोरिता-सानचं मंडळ त्याच आठवड्यात पुन्हा पालिकेत निघालं होतं. अण्णा फेटा बांधून सगळ्यांत पुढे!

"विचारा साहेबांना," अण्णा मला म्हणाले, "पयला सामना कधी?"

मी घाम पुसत विचारलं. अधिकाऱ्याने छताकडे बघितलं, मान तिरकी केली आणि हवा ओढली, "स्स्स…"

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तयारी जोरात आहे."

"गप्प बसा!" अण्णा त्या अधिकाऱ्याचं तोंड निरखत होते. "ह्यो 'बघू की' म्हणतोय. पेठेच्या मैदानापायी तीस वर्षं पालिकेत चकरा मारल्यात मी. हे तोंड मला पाठ हाय." मग माझ्याकडे वळून, "तुमाला कधी कळलं?"

"तुम्ही निघायच्या आधी," मी म्हणालो.

परतीच्या ट्रेनमध्ये अण्णा फेटा मांडीवर घेऊन बसले होते. एका शब्दानेही रागावले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी लाज वाटली मला.

शेवटी शलाकानेच मोरिता-सानना फोन केला. रविवारी सकाळी पालिकेच्या मैदानावर सामना ठरला: मंडळाचे निवृत्त आजोबा विरुद्ध कोबेतले आम्ही भारतीय. दोन्ही देशांचे झेंडे लागले. अण्णांना रेषेजवळ खुर्ची, मांडीवर हलगी. आमच्याकडे दहाच खेळाडू जमले, म्हणून अकरावा मी. कुठेच नको म्हणून मला गोलात उभं केलं. त्या आजोबांत एक गुडघ्याला पट्टा बांधलेला, एक ऐंशीचा. पहिल्या गोलला अण्णांनी डोळे मिटले. पाचव्याला हलगी थांबली. सातव्यापासून ती जपानसाठी वाजायला लागली!

अण्णा परत गेल्यावर आम्ही फोन केला, तेव्हा ते तालमीत बसले होते. फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांना सांगत होते, "बघितला की! देशादेशांतला, मैदानात बसून! भारत हरला, चौदा-शून्य."

"चौदा?" कुणीतरी ओरडलं. "गोलकीपर कोण हुता वो?"

अण्णांनी घसा खाकरला.

"हुता कोणतरी. आपल्या वळखीचा न्हाई."